मध्यस्थ कोणाचा?

मराठीत ‘मध्ये पडणे’ असा एक वाक्प्रचार आहे. दोघांचे भांडण सोडवावयास जो जातो तो मध्ये पडतो आणि ज्याला कोणी बोलावलेले नाही असा उपटसुंभही मध्येच पडतो. सज्जन आणि उपद्व्यापी यांना भाषेने एकच क्रियापद द्यावे यात आपल्या पूर्वजांचा काही अनुभव साठलेला असावा असे आम्हांस वाटते. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट आपण नातवंडांना सांगतो, आणि त्याच तोंडाने कृष्णशिष्टाईचे आख्यानही सांगतो. तिसरा माणूस आला की एक तर लोणी संपते, नाही तर भारतीय युद्ध होते! तरीही माणसे आणि राष्ट्रे तिसऱ्याला बोलावीतच असतात. तेव्हा प्रश्न असा की, हा तिसरा माणूस कसा असावा? त्याला स्वतःचा काहीही स्वार्थ नसावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत टिकते ते पाहावे म्हणून हा लेख.

जसोंडीसारख्या खेड्यात बसून परराष्ट्रनीतीवर लिहिणे हे काहींना धाडस वाटेल. पण या प्रश्नाचा आपल्या इतिहासातील सर्वांत मोठा दाखला ज्या पुरुषाच्या नावावर आहे, त्याच्याच अमलाखाली आपला हा बऱ्हाणपूरचा मुलूख होता. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बऱ्हाणपूर व अशीरगड पेशव्यांस दिले आणि १७७८ मध्ये पेशव्यांकडून ते महादजी शिंद्यांकडे आले. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे इकडील वास्तव्य त्या घडामोडींशी कोठे ना कोठे जोडलेले आहे. पुढच्याच वर्षी, जानेवारी १७७९ च्या अखेरीस, बंगालच्या बाजूने मजल दरमजल करीत आलेली कर्नल गॉडर्ड याची इंग्रजी फौज बऱ्हाणपुरास पोहोचली. वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांची दाणादाण उडाल्याची वार्ता तिला या टप्प्यात कळली आणि ती सुरतेकडे निघून गेली. म्हणजे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची एक वाट आपल्या तापीकाठावरून गेलेली आहे.

त्या युद्धाचा शेवट १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई येथे झाला. एका बाजूस कंपनी सरकार, दुसऱ्या बाजूस पुणे दरबार, आणि मध्ये महादजी. शाळेत आपण हा तह एका ओळीत शिकलो. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पुरंदरच्या तहानंतर घेतलेला बाकीचा मुलूख परत मिळाला, राघोबादादांना दरमहा २५ हजारांची नेमणूक, संपले. परंतु मध्ये बसलेला हा माणूस कोण होता ते जरा थांबून पाहिले पाहिजे. महादजी हे पेशव्यांचे सरदार. वडगावास इंग्रजांना कोंडणाऱ्या फौजेचे ते एक सेनापती, आणि तेथेही तहाची बोलणी त्यांच्यामार्फतच झालेली. त्यांच्याविरुद्ध इंग्रज मध्य हिंदुस्थानात लढले. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, पुढच्या वर्षी कर्नल कॅमॅकने त्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला. ऑक्टोबर १७८१ मध्ये त्यांनी कर्नल म्यूर याच्याशी स्वतंत्र करार केला. इंग्रजांनी यमुनेपलीकडे जावे, त्यांचा यमुनेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा, आणि त्यांनी इंग्रज व पेशवे यांच्यामध्ये तह घडवून आणावा. युद्धातला एक पक्ष अशा रीतीने मध्यस्थ झाला.

आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतील. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. तहातील एका कलमान्वये कंपनी आणि पेशवे या दोघांनीही महादजींना तहाचा जामीन मानले. कोणीही अटी मोडल्या तर महादजींनी दुसऱ्या पक्षास मिळून मोडणाऱ्यास वठणीवर आणावे, असा त्या कलमाचा आशय आहे. क्षणभर विचार करावा. पेशव्यांचा सरदार पेशव्यांविरुद्ध इंग्रजांना जामीन! पुण्याने करार मोडला तर पुण्याच्याच नोकराने इंग्रजांच्या बाजूस उभे राहावयाचे. नाना फडणवीसांना हे डाचले नसते तरच नवल. त्यांनी तहावर मान्यतेची मोहोर उठविण्यास सात महिने लावले. त्याचे कारण इतकेच नव्हते. हैदर अल्ली कर्नाटकात इंग्रजांना झोडपीत होता तोवर साष्टीसुद्धा सोडवून घेता येईल ही आशा होती. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला आणि २० डिसेंबरला नानांनी मान्यता दिली. तहनाम्याची अंतिम देवघेव फेब्रुवारी १७८३ मध्ये झाली.

महादजींना काय मिळाले याची यादी काही लहान नाही. भडोच मिळाले. दक्षिणेची काळजी सुटली आणि उत्तरेत हात मोकळे झाले. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांना वकील-इ-मुतलकी मिळाली आणि तिचा प्रत्यक्ष कारभार त्यांच्या हाती आला. सगळ्यात मोठी गोष्ट अशी की, ज्याच्याशी कंपनी सरकार स्वतंत्रपणे बोलते, ज्याचा शब्द तारण म्हणून घेते, तो आता कोणाचा नुसता सरदार उरत नाही. वॉरन हेस्टिंग्जचा डाव हाच होता, असे म्हणणारे म्हणतात. कंपनी चहूबाजूंनी युद्धांत गुंतली होती, खजिना आटला होता, अशा वेळी मराठेशाहीतील एका बलाढ्य सरदारास वेगळे काढून त्यालाच पंच नेमणे यात त्या गृहस्थाची धूर्तता दिसतेच.

आता निवाडा काय करावा? आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांमध्ये यावरून दोन तट असत. एक म्हणे, महादजींनी घराचा वासा मोडून स्वतःची माडी चढविली. दुसरा म्हणे, तो तह झाला नसता तर १८१८ सालचे मरण १७८५ सालीच आले असते. आम्ही पुष्कळ वर्षे पहिल्या तटात होतो. आज नाही. त्याचे कारण ग्रंथांत नाही, आमच्या शेताच्या बांधावर आहे, आणि ते सांगताना आम्हांस संकोच होतो.

काही वर्षांपूर्वी गावातील दोन चुलत भावांत सामाईक विहिरीच्या पाण्यावरून तेढ आली. केळीला पाणी वेळेवर लागते, वीज मात्र आपल्या लहरीने येते. दिवसाची पाळी कोणाची आणि रात्रीची कोणाची यावरून बोलणे बंद झाले, मग कुऱ्हाडीची भाषा सुरू झाली. दोघांनीही आम्हांस बोलावले. आपली घरे या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत, तहसिलीतील हिंदी कागद वाचता येतो आणि घरातले गाऱ्हाणे मराठीतून ऐकता येते, म्हणून असे प्रसंग आपल्या वाट्याला येतात हे वाचकांना ठाऊक आहेच. आम्ही चार बैठका घेतल्या. थोरल्याची लागवड मोठी, म्हणून दिवसाची पाळी आठवड्यातून चार दिवस त्याला आणि तीन दिवस धाकट्याला, असे ठरले. निवाडा वाईट नव्हता. तो आजही योग्यच होता असे आमचे मत आहे. पण एक गोष्ट आम्ही बैठकीत बोललो नाही. विहिरीला लागून आमचे स्वतःचे एक शेत होते, ते त्याच वर्षी थोरल्याने ठेक्याने घेतले होते, आणि त्याला पाणी त्याच विहिरीचे जाणार होते. ठेक्याचे बोलणे घरातल्या घरात झालेले, गावात कोणाला माहीत नव्हते. आम्ही मनाशी म्हणालो, निवाडा तर न्यायाचाच आहे, मग हे सांगून उगीच शंका कशाला पेरावी?

सहा महिन्यांनी धाकट्याला कळले. तो संध्याकाळी आमच्या ओसरीवर आला. रागाने आला नाही, हेच कठीण होते. म्हणाला, “काका, तुम्ही मध्ये बसलात खरे, पण पाट तुमच्या शेताकडे वळला.” आम्ही त्याला चार-तीनचा हिशेब पुन्हा समजावू लागलो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “हिशेब बरोबर असेल. पण तो तुम्ही केला ना.” दुसऱ्या दिवसापासून ती वाटणी मोडली.

त्या रात्री महादजींची आठवण झाली, आणि आमच्यात व त्यांच्यात काय फरक तो लख्ख दिसला. महादजींचा स्वार्थ जगजाहीर होता. नानांना तो माहीत होता, हेस्टिंग्जला माहीत होता, त्याचा वकील डेव्हिड अँडरसन तर छावणीत बसून रोज तो पाहत होता. प्रत्येकाने त्या स्वार्थाची किंमत धरूनच सौदा केला. महादजींना दोन्ही बाजूंची शांतता हवी होती, कारण शांतता त्यांच्या फायद्याची होती. एवढ्याच पायावर त्यांचा शब्द उभा होता, आणि तो पाया भक्कम होता. आमचा स्वार्थ त्यांच्या मानाने मुंगीएवढा, पण तो झाकलेला होता. स्वार्थी मध्यस्थावर माणूस विश्वास ठेवू शकतो. त्याचे माप काढता येते. ज्याचे माप लपविलेले आहे त्याच्या खऱ्या न्यायावरही विश्वास बसत नाही.

कृष्णाचेच पाहा ना. कौरवसभेत तो गेला तेव्हा तो तटस्थ होता असे कोण म्हणेल? त्याची सेना एकीकडे, तो स्वतः दुसरीकडे, आणि हे वाटप सभेत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. शिष्टाई फसली ती दुर्योधनाच्या हट्टापायी. कृष्णाने काही लपविले म्हणून ती फसली, असा आरोप त्याच्या शत्रूंनीही केला नाही.

उलट बाजूने, संपूर्ण निःस्वार्थ मध्यस्थाची गत काय होते तेही एका मराठी माणसाने पाहिले आहे. १९५३ साली कोरियाचे युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परत जाऊ न इच्छिणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या. आणि कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. भारताला तेथे ना जमीन हवी होती ना बाजारपेठ. तरी दक्षिण कोरियाच्या सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांचे पाऊल पडू द्यावयाचे नाकारले, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. संतप्त कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून नेले तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणले. आयोगाचे काम संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी भारतावर पक्षपाताचा आरोप केला. ज्याला काहीच नको आहे असा माणूस लोकांना समजतच नाही. मग ते त्याचा छुपा हेतू शोधू लागतात. थोरातांच्या वाट्याला आलेले हे काम आपल्या शालेय पुस्तकांतून जवळजवळ गायब आहे, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटते.

येथे लवाद आणि मध्यस्थ यांत गल्लत होऊ नये. लवाद निकाल देतो, मध्यस्थ नुसता बोलणी घडवितो. १९६५ च्या कच्छच्या चकमकीनंतर ब्रिटनने मध्ये पडून युद्धविराम घडविला, आणि पुढे तीन सदस्यांच्या न्यायाधिकरणाने १९ फेब्रुवारी १९६८ रोजी निकाल दिला. वादग्रस्त रणाचा सुमारे एक दशांश भाग पाकिस्तानला गेला. देशात गहजब झाला, सत्याग्रह झाले, मधू लिमये यांच्यासारखे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. पण निकाल आपण पाळला.

भारत व पाकिस्तान यांच्यातील आणखी एक मध्यस्थी फार शिकवून जाते. सिंधू नदीच्या पाण्याचा करार १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत झाला. पंडित नेहरू आणि अयूबखान यांच्या सह्यांबरोबर त्यावर जागतिक बँकेचीही सही आहे. बँकेने नऊ-दहा वर्षे चिकाटी धरली हे खरे, पण तिच्याजवळ चिकाटीखेरीज थैलीही होती. पाकिस्तानने नवे कालवे व धरणे बांधावीत यासाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी तिने घेतली. भारतानेही सहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम दिली. म्हणजे मध्यस्थाने ताटात स्वतःचेही काही वाढले. १९६५, १९७१, १९९९ या तिन्ही युद्धांतून तो करार तगला, आणि पहलगामच्या हत्याकांडानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. सहा दशके काही कमी नव्हेत.

ताश्कंदचे तसे झाले नाही. जानेवारी १९६६ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी शास्त्रीजी आणि अयूबखान यांना एकत्र बसविले. भारताच्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते. रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड परत द्यावी लागली. १० जानेवारीला सह्या झाल्या आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. मध्यस्थाचे काम तेथे संपले. पुढे करार मोडला तर काय, याचे उत्तरदायित्व कोणाकडेच नव्हते. सहा वर्षांच्या आत बांगलादेशचे युद्ध झाले, आणि जुलै १९७२ मध्ये सिमल्यास आपण ठरविले की यापुढे दोघांचे प्रश्न दोघांनीच सोडवावयाचे. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे गेल्यानंतरचा अनुभव, ताश्कंदचा अनुभव, या सगळ्यांचा तो निचोड होता. म्हणून १० मे २०२५ रोजी भारत-पाक संघर्ष थांबला तेव्हा त्याची पहिली घोषणा अमेरिकेच्या अध्यक्षांनी केली, मध्यस्थीचे श्रेयही घेतले, आणि भारताने मात्र दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांतील थेट बोलण्यातून हे झाले असे सांगितले, यातला आग्रह आम्हांस समजतो. मध्यस्थ मान्य केला की त्याचे माप मान्य करावे लागते, आणि त्याचे माप आपण काढलेले नसते. मात्र त्याच वेळी मनात येते की, दोन अण्वस्त्रधारी शेजारी एकमेकांशी बोलायला तयार नसतील त्या रात्री दूरध्वनी उचलणारा तिसरा कोणी असणे हे अपमानास्पद असले तरी नकोसे खचितच नाही.

सालबाईकडे पुन्हा येतो, कारण महादजींच्या बाजूने आम्ही बोललो तरी एका गोष्टीने आमचे समाधान होत नाही. तहाच्या त्या ताटावर दोन माणसे नव्हती. एक राघोबादादा. त्यांच्यासाठी युद्ध पेटले, इंग्रजांनी त्यांचा पट मांडला, आणि शेवटी २५ हजारांच्या नेमणुकीवर त्यांची बोळवण झाली. १७८३ च्या अखेरीस कोपरगाव येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्याविषयी कोणाला कळवळा वाटत नाही, आम्हांलाही फारसा नाही. पण दुसरा हैदर. तो १७८० पासून मराठ्यांचा मित्र, इंग्रजांशी एकट्याने झुंजणारा. तहात असे कलम आले की, हैदराने इंग्रजांचे कैदी सोडावेत, जिंकलेला मुलूख परत करावा, आणि पेशव्यांनी त्याला ते करावयास लावावे. जो बैठकीस नव्हता त्याच्या खिशातून देणे फेडले गेले. मध्यस्थाचा स्वार्थ उघड होता, दोन्ही पक्षांना मान्य होता, तरी न्याय झाला असे म्हणता येत नाही. समोर बसलेल्या दोघांचे समाधान हे मध्यस्थाचे यश. अन्याय झालेला तिसरा बाहेर उभा असतो, त्याला यशापयशाच्या हिशेबात कोणी धरीत नाही. आमच्या विहिरीच्या वादातही खालच्या अंगाला एका भिल्ल कुटुंबाचे दोन बिघे रान होते आणि ओसंडलेल्या पाण्यावर त्यांची हरभऱ्याची सोय होत असे, हे आम्हांस चार बैठकांत एकदाही आठवले नव्हते.

आणि जामिनाचे काय झाले? पुढे वीस वर्षे इंग्रज व मराठे यांच्यात मोठे युद्ध झाले नाही हे महादजींच्या पदरी घालावे लागेल. पण ती जामीनकी माणसाची होती, व्यवस्थेची नव्हती. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडी येथे वारले, १८०० साली नाना गेले. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईस सही केली, आणि ऑक्टोबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या तोफा याच आपल्या अशीरगडासमोर लागल्या. जामीन राहिलेल्या पुरुषाचाच किल्ला, आणि आता कलमाकडे बोट दाखवायला कोणी उरलेले नव्हते.

विहिरीची गोष्ट अर्धी राहिली, ती पुरी करतो. गेल्या वर्षी त्या दोन्ही भावांनी आपसांत बसून पाळी ठरविली. आमच्याकडे आले ते फक्त कागद लिहून घेण्यासाठी आणि साक्षीदाराच्या सहीसाठी. दिवस-रात्रीची वाटणी आम्ही सुचविली होती त्याहून वेगळी आहे, आणि खालच्या रानासाठी आठवड्यातून एक रात्र राखलेली आहे. आम्ही कागद लिहिला. सही करण्यापूर्वी धाकट्याला म्हणालो, “आमचे शेत अजून थोरल्याकडे ठेक्याने आहे, तेही यात लिहू का?” त्याने क्षणभर थोरल्याकडे पाहिले आणि म्हणाला, “लिहा, काका. आधी तेच लिहा.”